भिमाजी गुरुजींचं इंग्रजी

शेवगाव तालुक्यातल्या माळेवाडीच्या शाळेत तीन शिक्षक होते आणि त्यांतले थोरले म्हणजे भिमाजी गुरुजी. वय पन्नाशीला टेकलेलं. जुन्या काळची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेले. मोडी वाचता यायची, त्यामुळे वाटणीचे जुने कागद घेऊन लोक त्यांच्याच ओसरीवर यायचे. गणित, मराठी व्याकरण आणि छडी या तिन्हींत त्यांचा हात धरणारा आसपासच्या गावांत कोणी नव्हता. शाळेत आले की आधी छडी टेबलावर आडवी ठेवायची, मग टोपी खुंटीला. पोरं त्यांना भ्यायची आणि पोरांच्या बापांना ते भिणं पटायचं.

बहात्तर साली पाचवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवायचा हुकूम आला. बाकीचे दोघे शिक्षक खालच्या वर्गांवर होते, तेव्हा पाचवी गुरुजींकडेच. त्यांना स्वतःला इंग्रजीची अक्षरं तेवढी लावता येत होती. मे महिन्यात शेवगावला प्रशिक्षण वर्ग झाला. नगरहून आलेला एक तरुण मास्तर शिकवायला होता. तो दार उघडायचा, खिडकी लावायचा, खडू उचलायचा आणि प्रत्येक वेळी आपण काय करतोय ते इंग्रजीत बोलून दाखवायचा. मग एकेकाला उभं करून विचारायचा, ‘व्हॉट आर यू डुइंग नाऊ?’

गुरुजींची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, ‘आय सिट ऑन द चेअर नाऊ.’ दुसऱ्या प्रश्नाला म्हणाले, ‘आय ॲम टेकिंग टी एव्हरी डे.’ मागच्या बाकांवरचे चारपाच जण हसले. त्यांतले दोघे गुरुजींच्याच हाताखाली शिकून मास्तर झालेले होते. नगरचा मास्तर नाही हसला. त्याने फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडे नाऊ, दुसरीकडे एव्हरी डे. नाऊ आलं की क्रियापदाला आयएनजी, एव्हरी डे आलं की साधं क्रियापद, एवढं लक्षात ठेवा म्हणाला. गुरुजींनी ते उतरवून घेतलं. पण त्या हसण्याचा घाव त्यांना फार लागला. घरी आल्यावर लंकाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, वर्ग कसा झाला म्हणून विचारलं, तर ते टोपी खुंटीला लावून मागच्या दारी निघून गेले.

जूनमध्ये शाळा भरली. पाऊस मात्र आलाच नाही. गुरुजी पाचवीला इंग्रजी शिकवत, म्हणजे पुस्तकातली वाक्यं पाठ करून घेत. पोरं ओरडून म्हणत आणि आपण काय म्हणतोय ते ना पोरांना कळे, ना गुरुजींना पुरतं कळे. त्यातच फेब्रुवारीत तपासणीचे साहेब येऊन प्रत्येक शाळेत इंग्रजीचा पाठ बघणार, असं कळलं होतं.

श्रावणात नागपंचमीला पुष्पावती माहेरी आली.

पुष्पावती ही त्यांची एकुलती मुलगी. तिच्या आधीची दोन्ही मुलं लहानपणीच गेली होती. ती शेवगावच्या हायस्कुलात दहावीपर्यंत शिकली होती, इंग्रजीत वर्गात पहिली यायची. अकरावीला, म्हणजे मॅट्रिकच्या वर्षाला, तिला बसवायचं तर नेवाशाकडचं स्थळ आलं. बारमाही पाण्याची विहीर, दोन बैलजोड्या, घरात दूधदुभतं. मुलाचे वडील आप्पासाहेब स्वतः चालून आले होते. असं स्थळ पुन्हा येईल का, असं सगळे म्हणाले आणि गुरुजींनाही तसंच वाटलं. पुष्पावतीने तेव्हा एकदाच म्हटलं होतं की एवढं वर्ष होऊ द्या. ते वर्ष काही झालं नाही. तिचे हेडमास्तर समजूत घालायला माळेवाडीला आले होते, त्यांना गुरुजींनी चहा पाजून परत पाठवलं.

याला आता पाच वर्षं होऊन गेली होती. मूलबाळ नव्हतं. पंचमीला आलेली पुष्पावती पोळा झाला तरी परत जायचं नाव घेईना. सासरहूनही कोणी न्यायला आलं नाही. लंकाबाई विचारायच्या, ती म्हणायची, ‘जाईन.’ दिवसभर काम करायची, पाणी लांबून आणायची, कोणाशी फारसं बोलायची नाही.

एकदा दुपारी गुरुजी ओसरीवर पुस्तक घेऊन बसले होते. शाळा तेव्हा सकाळची होती. एक वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि दरवेळी चुकत होते. पुष्पावती धान्य निवडत आत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, ‘दादा, स्टिल न्हाई तिथं. येट.’

गुरुजींनी पुस्तकातून मान वर केली. त्यांनी विचारलं, ‘का बरं? अजून म्हणजे स्टिल ना?’

ती सूप घेऊन बाहेर आली. म्हणाली, ‘आपल्यात दोन्हीला अजूनच म्हंत्यात, म्हनून घोटाळा हुतो. पाऊस अजून आला न्हाई. व्हायचं हुतं ते झालं न्हाई, तिथं येट, आन ते वाक्याच्या शेवटी. म्हातारी अजून जिवंत हाय. चालू हुतं ते चालूच हाय, तिथं स्टिल.’

गुरुजी जन्मभर व्याकरण शिकवत आलेले. कालवाचक क्रियाविशेषणाची व्याख्या झोपेतून उठवलं तरी सांगतील. पण हे असं कोणी त्यांना उकलून दाखवलं नव्हतं. नगरच्या मास्तरनेही नाही. त्यांनी पाटी पुढे केली.

तेव्हापासून रोज दुपारी ओसरीवर तासभर शिकवणी चालायची. बाप विद्यार्थी आणि मुलगी मास्तर. गावात कोणाला सांगायचं नाही, असं न बोलता ठरलेलं होतं. कोणी आलं की गुरुजी पाटी पालथी घालायचे. पुष्पावती शिकवायला चांगली होती. चुकलं तर ती रागवायची नाही, पुढचं वाक्य द्यायची. मराठीतला ‘आता’ हा शब्द किती लबाड आहे, ते तिने बापाला दाखवलं. बाहेर पडणारा माणूस ‘आता येतो’ म्हणतो, तेव्हा तो तर जात असतो. ‘आत्ता आला’ म्हणजे येऊन चुकलेला असतो. ‘आता काय उपयोग’ यात तर वेळच नसते. इंग्रजीत या सगळ्याला नाऊ लावून चालत नाही. सध्या, हल्ली, आत्ता, या घडीला, प्रत्येकाचा इंग्रजी शब्द वेगळा आणि त्याची बसायची जागाही वेगळी. गुरुजींना यात गोडी वाटू लागली. वर्गात ते आता पोरांना खिडकीपाशी नेऊन वाक्यं म्हणून घ्यायला लागले. दुपारची वाट बघायला लागले. मुलीशी इतकं बोलणं तिच्या लहानपणीही झालं नव्हतं.

कार्तिकातली गोष्ट. दुष्काळ पक्का झाला होता. गावातली निम्मी माणसं तलावाच्या कामावर जात होती आणि पाचवीच्या वर्गात बोटावर मोजण्याइतकी पोरं उरली होती. त्या दुपारी उजळणी होती. पुष्पावती एव्हरी डेचं वाक्य द्यायची आणि गुरुजींनी तेच वाक्य नाऊ लावून बदलून म्हणायचं.

‘मदर मेक्स भाकरी एव्हरी डे.’

‘मदर इज मेकिंग भाकरी नाऊ.’

‘द बॉय गोज टू स्कूल एव्हरी डे.’

‘द बॉय इज गोइंग टू स्कूल नाऊ.’

अशी पाचसहा वाक्यं झाली. मग ती त्याच आवाजात म्हणाली, ‘माय हजबंड बीट्स मी एव्हरी डे.’

गुरुजींनी वाक्य मनात घोळवलं. बीट्समधला शेवटचा स त्यांच्या ध्यानात आला. ‘तृतीय पुरुष, म्हणून स,’ असं म्हणून त्यांनी बोट वर केलं आणि स्वच्छ म्हटलं, ‘माय हजबंड इज बीटिंग मी नाऊ.’

‘बरोबर,’ पुष्पावती म्हणाली.

त्या दिवशी एकही चूक झाली नव्हती. गुरुजी खुशीत उठले आणि रांजणातलं पाणी घ्यायला गेले. तांब्या भरून तोंडाला लावला, तेव्हा ते वाक्य त्यांना मराठीत कळलं. तांब्या त्यांनी खाली ठेवला. मग बाहेर येऊन विचारलं, ‘पुष्पे, ते शेवटचं वाक्य पुस्तकातलं का?’

‘न्हाई,’ ती म्हणाली. पाटी पुसून तिने कोनाड्यात ठेवली आणि घागर घेऊन पाण्याला गेली.

गुरुजींनी लंकाबाईंना सांगितलं. लंकाबाईंना ते माहीत होतं. आल्या दिवशीच त्यांनी लेकीची पाठ बघितली होती. त्या म्हणाल्या, ‘तुमाला सांगून काय करायचं हुतं? कुनाचा न्हवरा मारीत न्हाई?’ गुरुजींनी त्यांच्यावर कधी हात उगारला नव्हता. तरी त्या असं म्हणाल्या, याचं त्यांना वाईट वाटलं. पण पुढे काय करायचं, ते दोघांपैकी कोणीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शिकवणी झाली. वाक्यं सगळी पुस्तकातली होती.

मार्गशीर्षात आप्पासाहेब आले. बरोबर दोन पोक्त माणसं. मुलगा बन्सी आला नव्हता. आप्पासाहेब गोड बोलणारे गृहस्थ. घरात बायको आजारी आहे, गडीमाणसं दुष्काळी कामावर पळाली, गोठा कोणी बघायचा, सुनेला पाठवा, असं त्यांनी सांगितलं. झालं गेलं विसरून जाऊ म्हणाले. काय झालं गेलं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

गुरुजींनी धीर करून म्हटलं, ‘पाठवतो. पण जावईबापूंनी हात उचलता कामा नये. तेवढा शब्द द्या.’

आप्पासाहेब हसले. म्हणाले, ‘गुरुजी, तुमीबी पोरांना छडी मारताच की. त्यांच्या बऱ्यासाठीच ना?’

बरोबरची दोघं माणसंही हसली. त्यांतला एक शेजारच्याच गावचा होता आणि त्याच्या मुलाच्या हातावर गुरुजींच्या छडीचे वळ उठलेले होते.

पुष्पावती आतल्या खोलीत होती. गुरुजी आत गेले. ती भिंतीला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, ‘दादा, मला इथं ऱ्हाऊ द्या. मी तलावावर खडी फोडीन. तुमच्यावर भार व्हनार न्हाई.’

मास्तराची मुलगी खडी फोडणार, हे गुरुजींच्या डोक्यात मावेना. बाहेर माणसं खोळंबली होती. ते म्हणाले, ‘भाराचं नाही गं. आता जा. मी महिन्याभरात येतो न्यायला.’

तिने त्यांच्याकडे बघितलं. मग लुगडी बोचक्यात बांधायला घेतली.

महिन्याभरात गुरुजी गेले नाहीत. जानेवारीत सगळ्या शाळांना पत्रकं आली. साहेबांचा दौरा ठरला. गुरुजींनी पाठाची तयारी सुरू केली. फळ्यावर सूर्य, घड्याळ, झोपलेलं मांजर, विहिरीवरची बाई अशी चित्रं काढली. कामावर गेलेल्या पोरांच्या घरी जाऊन त्या एका दिवसापुरती पोरं मागून आणली. पाठ फार चांगला झाला. पोरांना अजून आणि आता यांतले फरक इतके नीट कळलेली शाळा तालुक्यात दुसरी नाही, असं साहेबांनी शेरेबुकात लिहिलं. शिक्षकांच्या सभेत गुरुजींना उभं करून त्यांचं नाव घेतलं. ज्यांनी शेवगावला हसून घेतलं होतं, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. हे तुम्हाला कोणी शिकवलं, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा गुरुजी म्हणाले, स्वतःच पुस्तकं वाचून.

शिमग्याच्या सुमाराला कडूबाई दारात आली. ही वस्तीवरची विधवा बाई, तलावाच्या कामावर असायची. ती लंकाबाईंना म्हणाली, ‘तुमची पुष्पी तळ्यावर हाय. माज्याच झोपडीत हाय. कानातून रगत येतंय तिच्या. मी घरी चल म्हनलं, ती न्हाई म्हनती.’

नेवाशाकडून पुष्पावती पायीच निघाली होती. वाटेत माळेवाडीचा फाटा लागतो. तिथून ती वळली नव्हती, सरळ तलावावर गेली होती.

गुरुजी आणि लंकाबाई दोघंही गेले. उन्हात बायकांची रांग खडी फोडत बसली होती. पुष्पावती कडूबाईच्या शेजारी होती. डोक्यावरून पदर घट्ट गुंडाळलेला, डाव्या कानाशी काळपट डाग. गुरुजींनी डावीकडून हाक मारली, तिला ती ऐकूच आली नाही. कडूबाईने तिला कोपराने हलवलं. लंकाबाई तिला कवटाळून रडायला लागल्या, तेव्हा तिने आईच्या पाठीवरून हात फिरवला.

गुरुजी म्हणाले, ‘चल घरी. आधी शेवगावला डॉक्टरला दाखवू.’

‘डॉक्टरला दाखवलं हितं. कामावर डॉक्टर येतो,’ ती म्हणाली. ‘पडदा फाटलाय म्हनला. आता ऐकू येनार न्हाई त्या कानानं.’

‘मग घरी तरी चल.’

‘घरी न्हाई यायची मी.’

गुरुजींनी पुन्हा म्हटलं, आता पाठवणार नाही, कोणीही आलं तरी नाही. ती हातोडी खाली ठेवून त्यांच्याकडे वळली. म्हणाली, ‘दादा, तुमी वाईट न्हाई. पन तुमाला सांगितलं का तुमी नीट ऐकून घेता, आन मग धाडून देता.’

एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली. मुकादम बघत होता.

आप्पासाहेबांचं छडीचं बोलणं गुरुजींच्या मनातून जात नव्हतं. त्यानंतर त्यांनी छडी सोडली, असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. आठवडाभर छडी कपाटात होती. मग वर्गात गोंधळ वाढला आणि ती पुन्हा टेबलावर आली.

पण दर रविवारी ते तलावावर जायला लागले. लंकाबाई पीठ द्यायच्या, शेंगदाण्याची चटणी द्यायच्या. पुष्पावती ते घ्यायची आणि झोपडीतल्या सगळ्या बायकांत वाटायची. बापाशी बोलायला तिच्याकडे काही नसायचं. गुरुजी नुसते उभे राहायचे. एका रविवारी त्यांनी खिशातून कागद काढला आणि ऑलरेडी कुठे येतं, असं विचारलं. तिच्या उजव्या बाजूला बसून, मोठ्याने. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. खडीवरची नजर न काढता पुष्पावतीने सांगितलं की वाटलं होतं त्याच्या आधीच झालं असलं तर ऑलरेडी, आणि त्याची जागा क्रियापदाच्या पोटात. गुरुजींनी लिहून घेतलं. मग दर खेपेला ते एखादी शंका घेऊन जायचे. पुढे पुढे तर ज्या गोष्टी त्यांना चांगल्या येत होत्या, त्याही विचारायचे. तिला ते कळत होतं की नाही, कोण जाणे. ती उत्तर द्यायची आणि तेवढा वेळ ते तिच्याजवळ बसायचे.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात तलावाचं काम बंद झालं. गुरुजींना वाटलं, आता येईल. लंकाबाईंनी आतली खोली सारवून ठेवली. पण कडूबाई दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर श्रीरामपूरकडे निघाली आणि पुष्पावतीही तिच्याबरोबर गेली. टोळीत नवराबायकोची जोडी लागते. या दोघी बायकांना कोणी कोयता धरू देईना, तेव्हा मुकादमाने त्यांना मोळ्या वाहायला आणि टोळीच्या भाकरी भाजायला ठेवलं. निघताना ती माळेवाडीवरून गेली. ट्रक वेशीपाशी थांबला होता. ती उतरून आईला भेटली. गुरुजी शाळेत होते. कोणीतरी शाळेत निरोप द्यायला गेलं, तोवर ट्रक निघून गेला होता.

त्या हिवाळ्यात बन्सीचं दुसरं लग्न झाल्याचं कळलं. आप्पासाहेबांनी पत्रिकासुद्धा धाडली होती. गुरुजींनी ती फाडली नाही, कोणाला दाखवलीही नाही. नाताळच्या सुट्टीत ते एसटीने श्रीरामपूरला गेले आणि विचारत विचारत उसाच्या फडापर्यंत पोहोचले. पाचटाच्या कोपींची, म्हणजे झोपड्यांची, ओळ होती. पुष्पावती एका कोपीपुढे बसून चूल पेटवत होती. हात उसाच्या पात्यांनी चिरलेले, चेहरा रापलेला. तिने बसायला पोतं दिलं आणि गुळाचा चहा केला. आता दुसऱ्या कानानेही तिला कमी ऐकू येत होतं. गुरुजींना दोन-दोनदा बोलावं लागत होतं.

त्यांनी बन्सीचं सांगितलं. आता तिकडून कोणी न्यायला येणार नाही, लोकांच्या तोंडाकडेही आपण बघायचं नाही, तू घरी चल आणि राहिलेली मॅट्रिक दे, मी फॉर्म भरतो, असं म्हणाले. हे सगळं त्यांनी एसटीत मनाशी जुळवून आणलं होतं. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

मग म्हणाली, ‘आय आजारी पडली तर कळवा. मी ईन.’

‘आणि नाही पडली तर?’

ती चुलीत पाचट सारत राहिली. ऐकू आलं नसेल, किंवा आलं असेल. फडात गाडी भरायची हाक आली तशी ती उठली. चुंबळ डोक्यावर ठेवली. गुरुजींच्या पाया पडली आणि बाकीच्या बायकांमागून उसात गेली. गुरुजींनी काही वेळ वाट बघितली. शेवटची एसटी चुकली असती, म्हणून ते निघाले.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. लंकाबाई दारातच बसल्या होत्या. गुरुजी एकटे आलेले बघून त्या उठल्या. पाय धुवायला पाणी दिलं, ताट वाढलं. ते जेवायला लागल्यावर पाटाशेजारी बसून त्यांनी विचारलं, ‘तिथं कोन हाय तिला? पोटाला घालत्यात का? कान दुखतो का अजून?’



‘ते विचारायचं राहिलं,’ ते म्हणाले.